वळण घरीच ठेव

बाल्टिमोर, १० सप्टेंबर

कॉर्लिसताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन केला तर तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, माणूस कितीही रागावलेलं असलं तरी फाडून टाकण्याआधी एकदा वाचतंच.

बातमी अशी की आपल्या नोबीची शाळा सुरू झाली. ॲशबर्न हॉल. हो, तीच, जिथे तू दोन वर्षं काढलीस आणि तिसऱ्या वर्षी पाऊल टाकलं नाहीस. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, खिशावर सोनेरी हरीण. शर्टाला मी अशी कडक इस्त्री मारली की रूडेल म्हणाला, पोरीला बसू नको म्हणून सांग, मोडेल. त्याला काय, दिवसभर शहरातली बस चालवतो, नवऱ्याच्या जातीला इस्त्रीचं काय कळतंय. मी लायसनच्या ऑफिसात रजा टाकली, तिला फाटकापर्यंत सोडलं आणि फाटकाबाहेर घळाघळा रडले. वर्गात आपल्यासारखी, म्हणजे गोरी नसलेली, ती आणि आणखी एक मुलगी, बस्स. तरी मान ताठ ठेवून गेली. तेरा वर्षांची आहे पण चाल अगदी आपल्या आईची.

मला भांडायचं नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. आईच्या मातीनंतर चर्चच्या तळघरात सगळे जेवत होतो. मी मोठ्या तोंडाने सांगितलं की नोबीला ॲशबर्नमध्ये जागा मिळाली, फी माफ. सगळ्या बायका देवाची कृपा म्हणाल्या. तू ताटली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "पाठव. पण घरचं वळण घरीच ठेवून पाठव." आणि कुणाचा निरोप न घेता डेट्रॉइटची गाडी पकडलीस. आईच्या मातीला आलीस आणि आईच्याच वळणाला नावं ठेवून गेलीस, ताई. मला ते अजून गिळवत नाही.

काय वाईट शिकवलं होतं आईने? दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. गेल्यावर हातावर हात ठेवून बसायचं नाही. जेवण झालं की आपली ताटली उचलायची, शेजारच्याचीही उचलायची. मोठ्या माणसाला दुसरी हाक मारायला लावायची नाही. जन्मभर गोऱ्या बायकांच्या घरी राबली ती, पण तिने हे आपल्याला नोकर म्हणून नाही शिकवलं, खानदानी माणसं अशीच असतात म्हणून शिकवलं. तेच मी नोबीला शिकवलं आणि शिकवणार.

तूही त्या दिवशी उभीच होतीस बरं का. अख्खं तळघर टेबलाशी आणि तू भिंतीला टेकून, हातात ताटली. शाळा सोडून घरी आलीस त्या हिवाळ्यात अशीच जेवायचीस. मी सहा वर्षांची शेंबडी, खुर्चीमागे उभी राहून तुझी नक्कल करायचे आणि आई मला चमचा फेकून मारायची. अजून उभ्यानेच जेवतेस का गं? घोडी कुठली.

आणखी एक. जेवणानंतर भांडी आवरताना सगळ्या बायका आपापलं भांडं उलटं करून खालचं नाव बघत होत्या. आईची भांडी मीच गोळा केली. प्रत्येकावर लाल नेलपॉलिशने 'एस्तर एम.' बघून भरून आलं. ॲल्युमिनियमचा केकचा डबा तेवढा नव्हता. तो तू शाळेत असताना हरवलास, असं आई शेवटपर्यंत म्हणायची. शाळा घालवलीस ती घालवलीस, डबासुद्धा घालवलास.

उत्तर पाठव, नाहीतर नको पाठवूस.

व्हर्लीन

बाल्टिमोर, २९ ऑक्टोबर

कॉर्लिसताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे तू ठणठणीत आहेस असं धरून चालते.

शाळेची एक पद्धत आहे. लांबून येणाऱ्या, म्हणजे आपल्यासारख्या मुलींना शाळेजवळचं एक घर जोडून देतात. 'दुसरं घर' म्हणतात त्याला. शनिवारी सकाळी हॉकी असते, तेव्हा मुलीने शुक्रवारी तिथेच मुक्काम करायचा, त्यांच्या टेबलावर जेवायचं, चार मोठ्या माणसांत वावरायला शिकायचं. तुझ्या वेळी होतं का हे? आई 'त्या बाईंचं घर' असं काहीतरी म्हणायची, मला नाव आठवत नाही.

नोबीला मिळालेलं घर लॅथ्रॉपबाईंचं. पंचाहत्तरीच्या असतील, शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी, नोबीची फी ज्या निधीतून माफ झाली तो त्यांच्याच घराण्याचा. स्वतः फोन केला मला. आवाज इतका मऊ की मी फोनवरच उभी राहिले. खुब्याचं ऑपरेशन झालंय, एकट्या असतात, घरात तरुण पोरीचा वावर असला की बरं वाटतं म्हणाल्या.

पहिल्या शुक्रवारी नोबीबरोबर आईचा लोण्याचा केक पाठवला, माझ्या चांगल्या डब्यात. शनिवारी डबा परत आला. घासलेला, पुसलेला आणि रिकामा. ताई, खोटं कशाला बोलू, मनात पाल चुकचुकली. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काही नाही तर दोन संत्री घालतात. मग स्वतःलाच रागावले, प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी. केक फार आवडला असा निरोप होता. पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाठवला.

शाळेत पालकांना बोलावलं होतं त्या संध्याकाळी मी ईस्टरचा जांभळा सूट घातला, टाचांचे बूट, मोत्यांची माळ. आणि ती श्रीमंत माणसं! कोपरावर भोकं पडलेले स्वेटर, त्यावर कुत्र्याचे केस. मला वाटलं माळी वगैरे असतील, तर एक निघाला बँकेचा मालक. त्याने रिकामा कप माझ्यापुढे धरून विचारलं, कॉफी संपली वाटतं? मी म्हटलं, "हो का? मग घरी जाऊन प्या." तो हसला, त्याला वाटलं मी विनोद केला. घरी येऊन रूडेलला सांगितलं तर तो पोट धरधरून हसला.

बाकी सगळं छान आहे. नोबी तिथली सगळ्यांची लाडकी झालीय. लॅथ्रॉपबाई म्हणाल्या, मुलीला कसं सांगावं लागत नाही.

व्हर्लीन

बाल्टिमोर, २१ जानेवारी

ताई,

नाताळचं कार्डही नाही. असू दे.

नोबीचा फोटो शाळेच्या माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर आलाय, आणि फाटकाशेजारच्या कुंपणावरही, माझ्या स्वयंपाकघराएवढा मोठा. हसतेय. आपल्या चर्चमधल्या बायका खास गाडी करून बघून आल्या. आणि त्याच आठवड्यात मॅरिसेलाने मला एक गोष्ट सांगितली. मॅरिसेला म्हणजे वर्गातल्या त्या दुसऱ्या मुलीची आई, एल साल्वाडोरची, दात तपासायच्या दवाखान्यात काम करते. आम्ही शाळेत एकमेकींना नुसती मान हलवतो, खरं बोलणं सगळं पार्किंगमध्ये. तिने सांगितलं, इतिहासाच्या तासाला गुलामांच्या लिलावाचा धडा होता, मास्तरीणबाईंनी अख्ख्या वर्गातून नोबीलाच उभं केलं आणि म्हणाल्या, तू वाच, तुझ्या आवाजात ते जास्त खरं वाटेल. नोबीने वाचलं. स्पष्ट, न अडखळता. घरी येऊन मला अक्षर सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "बाईंनी सांगितलं तर वाचायचं, तूच म्हणतेस."

लॅथ्रॉपबाई तिला नोरा म्हणतात. झेनोबिया जिभेला जड जातं म्हणे. अख्खं बायबल तोंडपाठ आहे त्यांना, त्यातला नेबुखद्नेस्सर राजा जड जात नाही. पण नोबीला आवडतं म्हणते, मग मी कोण मध्ये पडणार? मलाही त्या हल्ली नुसतं व्हर्लीन म्हणतात.

केक आता दर शुक्रवारी जातोच. नाताळच्या पार्टीला चार लागतील असा निरोप आला. 'जमेल का' नाही, 'लागतील'. रूडेल म्हणाला, "आवळा देऊन कोहळा काढायला निघालीस तू, आणि कोहळा ती म्हातारी काढतेय." मी म्हटलं गप्प बस. चारही केले.

पार्टीत नोबीने रुमालांचे हंस करून दिले, तबक फिरवलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मुलगी घरची असल्यासारखी वावरते, असं लॅथ्रॉपबाईंनी मला आवर्जून कळवलं. त्यांच्याकडे एक पितळी घंटी आहे, खुबा दुखतो म्हणून उठता येत नाही, मग गंमत म्हणून वाजवतात आणि नोरा धावत येते. गंमत म्हणून. हे मला नोबीने हसत हसत सांगितलं आणि सांगता सांगता ताटली घेऊन उठली. माझं जेवण अजून व्हायचं होतं, ताई. माझ्या हातात काटा होता.

मॅरिसेलाच्या मुलीलाही असंच एक घर देऊ केलं होतं. हिने एका वाक्यात नाही म्हटलं. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "सांगितलं, आमची पोरगी आळशी आहे. काडीची इकडची तिकडे करत नाही. दुसऱ्यांदा विचारलं नाही कुणी." आणि अशी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसले. पण घरी येताना मला तिचा थोडा रागच आला. पोटच्या पोरीबद्दल असं बोलायचं? आपल्या आईने जीभ कापून टाकली असती, पण मुलीला वळण नाही असं कुणापुढे कबूल केलं नसतं.

आता महत्त्वाचं. लॅथ्रॉपबाईंचं पार उत्तरेला, मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडे बेटावर घर आहे. उन्हाळाभर नोबीला नेणार म्हणतात. समुद्र, होडी, मोकळी हवा. तिथे फोन लागत नाही, तेवढीच शांतता, असंही म्हणाल्या. तूही एक उन्हाळा कुठल्याशा बेटावर गेली होतीस ना? मला एवढंच आठवतं की परत आलीस तेव्हा तुझे हात सोललेले होते, ब्लीचचा वास यायचा, आणि आई व्हॅसलीन चोळून तुझ्या हातांना मोजे घालायची. आम्हाला सांगितलं होतं, समुद्राच्या खाऱ्या पाण्याने झालं.

खाऱ्या पाण्यानेच झालं होतं ना?

व्हर्लीन

बाल्टिमोर, १५ मे

ताई,

हे पत्र मी ऑफिसातल्या जेवणाच्या खोलीत बसून लिहितेय, कारण घरी लिहिलं तर नोबी विचारेल.

शनिवारी शाळेचा वसंतनाच झाला. सगळ्या मुली पांढऱ्या झग्यात, खांबाभोवती रिबिनी गुंफतात, तुला माहीत असेल. मग लॅथ्रॉपबाईंच्या बागेत चहापान. पालकांना बोलावणं नव्हतं, मुलीला संध्याकाळी न्यायला या असा निरोप होता. माझी ऑफिसातली पाळी लवकर सुटली. आठ महिन्यांत त्या घराच्या आत मी एकदाही गेले नव्हते, दारातूनच मुलगी मिळायची. म्हटलं, आज लवकर जाऊ, चार माणसांत माझी पोरगी कशी वावरते ते डोळे भरून बघू. जांभळा सूट घातला.

बागेत पोरी गवतावर पसरल्या होत्या. बूट काढून, झग्यांवर स्ट्रॉबेरीचे डाग, खिदळत होत्या. नोबी त्यांच्यात नव्हती. नोबी टेबलांमधून तबक घेऊन फिरत होती, पांढऱ्या झग्यावर पांढरा एप्रन. पाठ ताठ, नजर खाली, डावा हात मागे. हे मी तिला शिकवलेलं नाही. हे तिला कुणीतरी शिकवलंय.

मी तिला हाक मारणार, तेवढ्यात एका बाईने बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. आणि ताई, मी तो घेतला. त्या कॉफीवाल्याला तोंडावर बोलणारी मी. हात आपोआप पुढे गेला. समोरच्याने भांडं पुढे केलं की आपण घेतो, तेवढंच त्या हाताला माहीत. मग दुसऱ्या एकाने दिला. दोन्ही हातांत ग्लास घेऊन मी उन्हात उभी, आणि नोबीने मला बघितलं. लाजली नाही, दचकली नाही. जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आई, स्वयंपाकघर इकडे आहे."

मी तिच्या मागोमाग गेले.

ओट्यावर माझे केक कापून ठेवले होते. वरच्या फळीवर, पीठ चाळायच्या चाळणीशेजारी, ॲल्युमिनियमचा एक डबा. झाकणाला पोचा. तो पोचा मी पाडलाय, तीन वर्षांची असताना ढोलकी म्हणून वाजवून, आई ती गोष्ट दर ईस्टरला सांगायची. ग्लास ठेवले, डबा काढला, उलटा केला. लाल नेलपॉलिश. एस्तर एम.

तेवढ्यात लॅथ्रॉपबाई काठी टेकत आत आल्या. माझ्या हातातला डबा बघून म्हणाल्या, अगं तो आमच्या कोराचा. फार गुणी मुलगी, नोरासारखीच शाळेतून आली होती. एक उन्हाळा बेटावर आमच्याबरोबर होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कोराशिवाय चैन पडायचं नाही. ही घंटी त्यांचीच. नंतर काय बिनसलं कोण जाणे, एकदम यायचीच बंद झाली. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी प्रेमाने, म्हणाल्या, "तुम्हा लोकांतलं हे वळण शिकवून येत नाही, व्हर्लीन. ते रक्तातच असावं लागतं. नोरा तर कोराहूनही चांगली आहे."

कोरा. तुला कोरा म्हणायच्या.

मी काय बोलायला हवं होतं ते मला आता ऑफिसात बसून दहा प्रकारे सुचतंय. तिथे मी एवढंच म्हटलं की डबा माझ्या आईचा आहे, मी नेते. त्या म्हणाल्या, कसली गंमत. बागेत कुणीतरी घंटी वाजवली, बहुतेक खेळ म्हणून एखाद्या पोरीने. नोबी माझ्याशेजारून गेली ती मला कळलीसुद्धा नाही.

त्या उन्हाळ्यानंतर गल्लीत आइस्क्रीमची गाडी घंटा वाजवत आली की तू हातातली ताटली टाकून ताडकन दाराकडे धावायचीस. मला वाटायचं तुला आइस्क्रीम हवंय. मी हट्ट करून तुझ्यासाठी आईकडून आइस्क्रीम मागायचे.

उन्हाळ्याच्या संमतीपत्रावर मी एप्रिलमध्येच सही करून बसलेय. नोबीला म्हटलं, जायचं नाही. म्हणाली, "त्यांना माझी गरज आहे. आणि तुला तर अभिमान वाटायला हवा." शाळेतल्या डीनबाईंना भेटले. त्यांनी पाणी विचारलं, खुर्ची दिली आणि समजावलं की कुणावर जबरदस्ती नाही, पण लॅथ्रॉप घराण्याचं मन मोडलं तर पुढच्या वर्षी फी माफ राहीलच असं सांगता येत नाही. दगडाखाली हात सापडलाय, ताई. त्या उन्हाळ्यात तुला तिथे काय काय करावं लागलं, ते मला सांग. मला नको सांगूस, नोबीला सांग. माझं ती ऐकत नाही.

व्हर्लीन

बाल्टिमोर, २८ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एवढंच, "तिला बसायला शिकव."

मी किती वेळ ते हातात धरून बसले होते. आईच्या मातीच्या दिवशीसुद्धा तू मला हेच सांगत होतीस, आणि मला वाटलं तू आईचा अपमान करतेयस.

तू सांगितलंस म्हणून करून बघितलं. रविवारी चर्चमध्ये जेवण होतं. मी नोबीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, आज तू काही उचलायचं नाहीस. उठायचं नाही. बसली. डाव्या बाजूची म्हातारी खोकली, ही उठून पाणी घेऊन आली. मी ओढून बसवलं. समोरच्या पोराच्या हातून चमचा पडला, ही टेबलाखाली. पुन्हा बसवलं. मग तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, ताई, आणि तशीच बसून राहिली, आणि तिच्या ओठांवर घाम आला. चर्चमधल्या बायका मला म्हणाल्या, काय गुणी पोरगी आहे गं, नशीबवान आहेस.

नोबीला बेटावर न्यायला गाडी पंधरा जूनला येणार आहे. रूडेल म्हणतो, शाळा गेली खड्ड्यात, आपल्या गल्लीत शाळा नाहीत का. त्याचं बरोबर आहे. पण शाळेपेक्षाही मला दुसरीच भीती वाटतेय. गाडी आली तर ती माझ्याकडे न बघता उठून जाईल.

तू येशील का? भाडं मी पाठवते.

व्हर्लीन

बाल्टिमोर, १६ जून

ताई,

काल गाडी आली. सकाळी नोबी नाश्त्याला होती, अर्धी खाल्लेली अंडी ताटलीत. बाहेर हॉर्न वाजला, एकदाच, हलकासा. ती उठली, ताटली धुतली, बॅग घेऊन दाराशी आली. बॅग कधी भरली होती ते मला माहीत नाही. मी दारात आडवी उभी राहिले.

लॅथ्रॉपबाई स्वतः आल्या होत्या. काठी टेकत पायऱ्यांपर्यंत आल्या, म्हणाल्या, चल नोरा, उशीर होतोय. आपली अख्खी गल्ली पायऱ्यांवर बसलेली, शनिवारची सकाळ, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, ती येणार नाही. त्यांनी विचारलं, का? आजारी आहे म्हटलं असतं तर डॉक्टर पाठवला असता. आजीच्या वर्षश्राद्धासारखं काही सांगितलं असतं, तर आठवडाभर थांबल्या असत्या. त्या बाईपुढे मला एकच दार उघडं दिसलं, मॅरिसेलाने दाखवलेलं. म्हटलं, ती आळशी आहे. त्या हसल्या. नोरा? आळशी?

मग मी बोलले. मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"तिला वळण नाही. आम्ही लावलंच नाही. तुमच्या घरी वर्षभर सोंग केलं तिने. घरी काडीला हात लावत नाही, उलटून बोलते, मोठ्यांना मान देत नाही. तिच्या आजीने शिकवलं नाही, मी शिकवलं नाही. आमच्यात कुणालाच वळण नाही."

आई, मला क्षमा कर, असं मनात म्हणत होते आणि तोंडाने बोलत होते. लॅथ्रॉपबाईंनी माझ्या खांद्यावरून नोबीकडे बघितलं. कानाशी टवका उडालेला कप बघावा तसं. "तुम्ही आम्हाला फसवलंत," म्हणाल्या आणि गेल्या. परत येणार नाहीत. आता शाळाही राहणार नाही, ते मी धरूनच चाललेय.

मला वाटलं होतं, गाडी वळली की मी जिंकले. मागे फिरले तर नोबी तिथेच उभी, बॅग हातात. रडत नव्हती. म्हणाली, "माझं काय चुकलं, आई? तू सांगितलंस तेवढंच मी सगळीकडे केलं."

मी तिला जवळ घेतलं, ती लाकडासारखी उभी राहिली. मी म्हटलं तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं, ते सगळं खोटं बोलले मी, तुझ्यासारखी मुलगी गल्लीत नाही. ती म्हणाली बरं. रूडेलने विनोद केला, ती नम्रपणे हसली. लॅथ्रॉपबाईंच्या पाहुण्यांपुढे हसत असेल तशीच.

आज दुपारी चर्चमधून आल्यावर मी आईच्या डब्यात केक करून ठेवला. जेवायला वाढलं. नोबीने आपली ताटली उचलली आणि सिंकपाशी जाऊन भिंतीला टेकून जेवायला लागली. मी म्हटलं, बस बाळा. म्हणाली बसते, आणि बसली नाही. मग मीही ताटली घेऊन तिच्याशेजारी उभी राहिले, दुसरं काही सुचेना. रूडेल टेबलाशी एकटाच आमच्याकडे बघत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आइस्क्रीमच्या गाडीची घंटा वाजली. ताटली जमिनीवर फुटली होती आणि नोबी दरवाजापाशी पोचली होती, हात एप्रनला पुसत. अंगावर एप्रन नव्हता.

मला तिला बसवता येत नाही, ताई. गाडीत मी तिला बसू दिलं नाही, पण त्या घरातून बाहेर काढता येत नाही. ते फक्त तुला माहीत आहे, तिथून बाहेर कसं येतात, किंवा येतात का. भाड्याचे पैसे या पाकिटात आहेत. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसती तिच्या समोर जेवायला बस.

पहिल्या पत्रात थट्टेने विचारलं होतं. आता थट्टा नाही, खरं खरं सांग. अजून उभ्यानेच जेवतेस का गं?

तुझी,
व्हर्लीन